मूर्ती लहान, बैठक उंच



गेल्या अंकात 'अवजारपेटी'त हिवाळी टायरांबद्दल लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली, त्यांतल्या चार पत्रांत टायरचा उल्लेखसुद्धा नव्हता. विचारलं होतं ते असं : "तुम्ही ती छोटी एसयूव्ही घेतलीत म्हणे. कशी आहे? घ्यावी का?" एका वाचक भगिनींनी तर "आमच्या ह्यांना तीच हवी आहे, मला नको आहे, तेव्हा जरा जपून लिहा" अशी तंबीच देऊन ठेवली.

एकट्याचं मत ठोकून देण्यापेक्षा चार मालकांना विचारावं असं ठरवलं. गणपतीत आत आरती आणि बाहेर पार्किंगमध्ये गाड्यांची चर्चा, ही आपल्याकडची जुनी प्रथा आहेच. २०२५ च्या गणपतीत मी एका हातात मोदकाची ताटली आणि दुसऱ्या हातात वही घेऊन हिंडलो. त्या वहीतलंच आज तुमच्यापुढे मांडतो. मालकांची नावं आणि त्यांच्या गाड्यांच्या कंपन्या मुद्दाम गाळल्या आहेत. एका गाडीच्या अनुभवावरून अख्ख्या कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही. शिवाय पुढच्या गणपतीत मला याच मंडळींच्या पंगतीत बसायचं आहे!

आधी ही गाडी म्हणजे काय ते पाहू. नावात एसयूव्ही असली तरी जीपशी हिचं नातं लांबचंच. जुन्या जीपला किंवा १९९४ साली आलेल्या आपल्या टाटा सुमोला खाली शिडीसारखी पोलादी चौकट असे आणि तिच्यावर बॉडी वेगळी बसवलेली असे. या छोट्या गाडीला तशी चौकट नाही. साध्या हॅचबॅकचाच सांगाडा घ्यायचा, चाकं जरा मोठी लावायची, छत आणि बैठक उंच करायची, की झाली क्रॉसओव्हर. फोक्सवागेनची टी-क्रॉस आणि पोलो यांचा पाया एकच आहे. बहुतेक छोट्या क्रॉसओव्हरना फक्त पुढची दोन चाकं ओढतात. म्हणजे रूप पैलवानाचं आणि काम कारकुनाचं. यात वाईट काही नाही. आपल्यातल्या बहुतेकांचं आयुष्यही तसंच चाललेलं असतं.

गंमत अशी की या गाड्यांचं आपल्या गावाशी नातं आहे. टी-क्रॉस स्पेनमध्ये पाम्प्लोनाला तयार होते. तिचीच बहीण टायगुन २०२१ साली भारतात आली, ती आपल्या चाकणच्या कारखान्यातून. चाकणच्या बहिणीची पुढच्या-मागच्या चाकांमधली लांबी युरोपातल्या बहिणीपेक्षा १० सेंटिमीटरनी जास्त, त्यामुळे मागे बसणाऱ्यांच्या पायांना ऐसपैस जागा मिळते. उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. फोर्डची इकोस्पोर्ट पहिली काही वर्षं चेन्नईत तयार होऊन युरोपात यायची. २०१७ नंतर ती रुमानियात होऊ लागली. आणि २०२५ पासून सुझुकीची विजेवर चालणारी ई-विटारा गुजरातमधल्या हांसलपूरहून जर्मनीत येऊ लागली आहे. तेव्हा शेजाऱ्याची गाडी 'युरोपियन' आहे असं समजून मान डोलावण्याआधी तिची जन्मपत्रिका पाहून घ्यावी.

पुण्यात माझ्या धाकट्या भावाकडे अशीच गाडी आहे. ती का घेतली विचारलं तर तो म्हणाला, "दादा, तू स्पीडब्रेकर विसरलास वाटतं!" खड्डे, गतिरोधक आणि पावसात चौकात साचणारं पाणी, यांसाठी तिकडे जमिनीपासूनची उंची लागते. भारतात ४ मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांना २००६ पासून कर कमी आहे. म्हणून रांजणगावची टाटा नेक्सॉन बरोबर ३.९९५ मीटरवर येऊन थांबते. पाच मिलिमीटर सरकारला सोडलेत!

पण इथे? इथे ना खड्डे, ना गतिरोधकांची रांग. तरीही नव्याने नोंदवल्या जाणाऱ्या दर दहा गाड्यांमागे साधारण तीन एसयूव्ही असतात. फ्लेन्सबुर्गचं जे मोटार-वाहन कार्यालय आपल्या दंडाचे गुण प्रेमाने सांभाळून ठेवतं, तेच २०१३ पासून एसयूव्हीचा वेगळा वर्ग करून हा हिशेबही ठेवतं. या गाड्या इथले लोक का घेतात, हे पाहायचं असेल तर शनिवारी सकाळी कुठल्याही सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं उभं राहा. छोट्या क्रॉसओव्हरमधून उतरणारी डोकी पाहा. निम्मी तरी पांढरी दिसतील. तिकडे गाडी रस्त्यासाठी उंच, इकडे गुडघ्यासाठी.

हे मला इतक्या उशिरा का कळलं, ते सांगतो.

२०२३ पर्यंत आमच्याकडे साधी, बुटकी, कधीही न कुरकुरणारी हॅचबॅक होती. आई-बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर यायचे. पहिले दोन आठवडे उत्साहाचे जायचे. मग आईचं एक वाक्य सुरू व्हायचं : "तुम्ही जाऊन या रे. मला काय ते किल्ले न् तळी बघायचीत? मी घरी बसते." ती घरी, म्हणून बाबाही घरी. आम्हांला वाटायचं की थंडी सोसत नाही, कंटाळा येतो, नातवंडांपुढे बाकी कशात रस नाही. उल्मजवळच्या आमच्या घरापासून बोडेनसे दीड तासावर. बाबा चार वेळा आले, पण त्यांनी तो पाहिला नाही. २०२१ साली ते गेले.

पुढच्या वर्षी आई एकटी आली. एकदा उल्ममध्ये तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी लावली. आईने एक पाय बाहेर टाकला, दाराची चौकट धरली आणि तिला उठताच येईना. शेजारची गाडी इतकी जवळ की दार अर्धंच उघडलेलं. मी पुढून हात धरले, सौ.ने आत शिरून पाठीमागून आधार दिला. पलीकडे एक जोडपं आमचं होईपर्यंत सभ्यपणे थांबून राहिलं होतं. त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "दोघांनी ओढून काढतात ते पोतं. मला नाही रे आवडत तसं."

म्हणजे किल्ल्यांचा कंटाळा कधीच नव्हता. कंटाळा होता तो गाडीतून उतरण्याचा.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गाडीपाशी गेलो. मोटारीचं आरेखन करताना बसणाऱ्या माणसाच्या खुब्याचा एक बिंदू धरतात. त्याला एच-पॉइंट म्हणतात, एच म्हणजे हिप. छत, स्टिअरिंग, पेडल, खिडकी, सगळं त्या बिंदूभोवती आखलं जातं. हा शब्द मी एम.एस. करताना शिकलो, परीक्षेत त्यावर लिहून गुणही मिळवले. पण माझ्याच गाडीत माझ्या आईचा खुबा जमिनीपासून किती वर येतो, हे मोजायला मला वीस वर्षं लागली. सीट जमिनीपासून ४६ सेंटिमीटर होती, वजनाने दबून आणखी खाली. खुबा गुडघ्याच्या खाली गेला की उठताना सगळा भार मांडीच्या स्नायूंवर आणि गुडघ्याच्या वाटीवर येतो. खुबा गुडघ्याच्या किंचित वर असला, तर नुसतं बाजूला सरकून पाय टेकवायचे, की माणूस उभा. पाट आणि खुर्ची यांत जो फरक, तोच हा. आम्ही घेतलेल्या छोट्या क्रॉसओव्हरची सीट ५७ सेंटिमीटरवर आहे. फक्त ११ सेंटिमीटर, म्हणजे माझी वीतसुद्धा भरत नाही. पण या अकरा सेंटिमीटरांसाठी आम्ही त्याच वर्गातल्या हॅचबॅकपेक्षा काही हजार युरो जास्त मोजले.

आता वहीतली मतं.

आउग्सबुर्गचे एक काका गेली दोन वर्षं निवृत्त आहेत. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी चाळीस वर्षांची सेडानची सवय मोडली. त्यांचा सल्ला सगळ्यांत मोलाचा वाटला : "शोरूममध्ये एकदा बसून 'वा' म्हणू नका. दहा वेळा चढा, दहा वेळा उतरा. चढताना माणूस नवा असतो, उतरताना थकलेला." त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. सीट आणि बाहेरची जमीन यांच्यामध्ये गाडीचा उंबरठा असतो. काही गाड्यांचा उंबरठा इतका रुंद की सीट योग्य उंचीवर असूनही पाय लांब टाकावा लागतो. काकूंची तक्रार निराळी होती. पावसात हा उंबरठा चिखलाने भरतो आणि उतरताना साडीचे काठ बरोबर त्यावरून पुसले जातात. काही गाड्यांची दारं खालपर्यंत येऊन उंबरठा झाकतात, त्यांचा तो कोरडा राहतो. कुठल्याही माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं. दार उघडून वाकून पाहावं लागतं.

म्युनिकजवळच्या एका तरुण जोडप्याला दोन मुलं आहेत, पाच आणि दोन वर्षांची. इथल्या नियमाप्रमाणे मूल १२ वर्षांचं किंवा १५० सेंटिमीटरचं होईपर्यंत त्याला योग्य ती खुर्ची लागतेच. वहिनी म्हणाल्या, "पट्टे लावताना कमरेत वाकावं लागत नाही, एवढ्यासाठी मी या गाडीला शंभरपैकी नव्वद देईन." उरलेले दहा कुठे गेले? मागे दोन खुर्च्या बसवल्या की मध्ये जी जागा उरते तिच्यात माणूस नव्हे, डब्यांची पिशवी बसते. आजी-आजोबा आले की घरात माणसं सहा आणि जागा चार. त्यांचा तोडगा असा की निम्मं कुटुंब गाडीने आणि निम्मं डॉइचलांडटिकीटावर रेल्वेने. आजोबा खूष, कारण गाडीत पुढची सीट आजींना सोडावी लागते. रेल्वेत त्यांना खिडकी मिळते. तेव्हा सहाजण असाल तर ही गाडी तुमचा प्रश्न सोडवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

फ्रांकफुर्टहून आलेले एक मित्र मात्र कोम्बीचे कट्टर भक्त. त्यांनी छोटी क्रॉसओव्हर दोन वर्षं वापरली आणि विकली. "भारतातून माणूस येतो तो दोन बॅगा घेऊन. त्यांत भाजणी, गोडा मसाला, चकलीचा सोऱ्या आणि वहिनींनी कोणासाठी तरी दिलेलं पार्सल. चार माणसं आणि तशा चार बॅगा घालून दाखवा, मग बोलू." आकडे त्यांच्या बाजूचे आहेत. टी-क्रॉसची डिकी, मागची सीट पुढे सरकवण्यावर अवलंबून, ३८५ ते ४५५ लिटर. श्कोडा ऑक्टाव्हिया कोम्बीची ६४०. शिवाय क्रॉसओव्हरच्या डिकीची कड उंच असते. २३ किलोची बॅग कमरेपर्यंत उचलावी लागते. म्हणजे आईचे गुडघे वाचतात आणि मुलाची पाठ जाते. निसर्गात ऊर्जा नष्ट होत नाही, तशीच दुखणीही बहुधा नष्ट होत नसावीत.

श्टुटगार्टहून कार्ल्सरूहेला ए-८ वरून रोज जाणाऱ्या एका स्नेह्यांनी इंधनाचा हिशेब दिला. माझ्याही वहीत साधारण तेच आकडे आहेत. ताशी ११० ने स्थिर चालवली तर १०० किलोमीटरला साडेपाच-पावणेसहा लिटर. १४० ने चालवली तर पावणेआठ-आठ. कारण साधं आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ११० वरून १४० वर गेलं की वेग सव्वापटीहून थोडा जास्त होतो, पण हवेचा विरोध दीडपटीच्या वर जातो. उंच गाडी हवेपुढे छाती काढून चालते, त्यामुळे हा दंड तिला बुटक्या गाडीपेक्षा जास्त बसतो. पुलावर आडवा वारा आला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं, हेही त्यांनी सांगितलं. गावातल्या गावात फिरणाऱ्याला यातलं काही जाणवणार नाही. आउटोबानवर रोज दोनशे किलोमीटर करणाऱ्याने मात्र विचार करावा.

न्युर्नबर्गच्या एका वहिनींची गोष्ट प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. बाऊश्टेलेत, म्हणजे रस्त्याच्या कामापाशी, डाव्या लेनवर रुंदीची मर्यादा लिहिलेली असते, बहुधा २ किंवा २.१ मीटर. वहिनींनी गाडीचे कागद पाहिले होते, रुंदी पावणेदोन मीटरच्या जरा वर. त्या निर्धास्त डावीकडून गेल्या आणि पलीकडच्या ट्रकचा आरसा खिडकीशी गप्पा मारायला आला. कागदावरची रुंदी आरसे सोडून असते आणि पाटीवरची मर्यादा आरशांसकट! आरसे धरले तर या 'छोट्या' गाड्याही दोन मीटरच्या आसपास भरतात. टेपने स्वतः मोजा आणि आकडा डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. पुढचं उत्तम दिसतं, मागचं मात्र दिसत नाही, हीही त्यांची तक्रार. मागची खिडकी लहान, खांब जाड. कॅमेरा असतो, पण हिवाळ्यात रस्त्यावरच्या मिठाने त्याला मोतीबिंदू होतो. डिकीत एक फडकं ठेवावं.

आल्गॉयमध्ये राहणाऱ्या एका जोडप्याने पहिल्याच हिवाळ्यात घराच्या चढावर गाडी उलटी घसरत खाली आणली. "एसयूव्ही आहे म्हणून बिनधास्त होतो," असं ते प्रांजळपणे म्हणाले. बर्फात कामाला येतो टायर. त्याच्यावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह हवं, हे गेल्या अंकात लिहिलंच आहे. आणि चढावर खरा फायदा हवा असेल तर चारही चाकं ओढणारी गाडी घ्यावी लागते. छोट्या वर्गात ती क्वचितच मिळते आणि तिचे पैसे वेगळे पडतात.

एका तक्रारीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, पार्किंगमध्ये असा क्षण दुर्मीळच. ती म्हणजे पीप्-पीप्. ७ जुलै २०२४ पासून युरोपात नोंदणी होणाऱ्या प्रत्येक नव्या कारला वेगमर्यादा ओलांडली की सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती बंद करता येते, पण गाडी पुन्हा सुरू केली की तीही पुन्हा सुरू. ३० चा भाग संपून गेला तरी जुनी पाटी मनात धरून ती ओरडत राहते. हा दोष कुठल्या एका गाडीचा नाही, हॅचबॅक घ्या नाहीतर कोम्बी, सुटका नाही. घेण्याआधी एवढंच पाहा, की ती बंद करायला एक बटण लागतं की पडद्यावरची पाच पानं उलटावी लागतात. आमची गाडी २०२३ ची, म्हणून बिचारी गप्प आहे.

आता या सगळ्याचं सार. तुम्ही तिशीत असाल, आई-वडील पुण्या-नागपूरला सुखरूप टेकडी चढत असतील आणि बॅगा जास्त असतील, तर कोम्बी घ्या, पैसे वाचवा. आउटोबानवर रोज धावणार असाल तरी तेच. घरात गुडघे दुखणारं कोणी असेल, किंवा लहान मूल असेल, तर उंच बैठकीचा विचार जरूर करा. पण मोठ्ठी एसयूव्ही नको. माझी आई पाच फुटांच्या आत आहे. तिला मित्राच्या मोठ्या गाडीत चढायला शिडीच हवी होती. सीटची उंची आपल्या माणसाच्या खुब्याला जुळली पाहिजे, शेजाऱ्याच्या प्रतिष्ठेला नव्हे. आणि ज्याच्यासाठी गाडी घेताय त्याला शोरूममध्ये घेऊन जा. तो भारतात असेल तर त्याची घरातली ज्या खुर्चीतून तो सहज उठतो ती खुर्ची फोनवरून मोजून घ्या. तो आकडा कागदावर लिहा आणि टेप खिशात टाकून शोरूम गाठा. विक्रेता चमत्कारिक नजरेने पाहील. पाहू दे.

आई २०२३ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात आली. लिंडाऊला गाडी थांबवली, मी इंजिन बंद करून तिच्या बाजूला जाईपर्यंत ती उतरून, पदर सारखा करून, बोडेनसेच्या दिशेने चालायला लागली होती. बराच वेळ पाणी पाहिल्यावर म्हणाली, "ह्यांना आवडलं असतं." मी काही बोललो नाही. अकरा सेंटिमीटर आधी मोजले असते तर, हे मनात आलं, ते तिथेच राहिलं.

२०२५ ला ती आली नाही. गुडघे आता विमानाला भीत आहेत. "तुझ्या गाडीची सीट उंच केलीस, विमानाची कोण करणार?" असं हसत म्हणाली. गाडीचा पहिला ट्यूफ २०२६ च्या एप्रिलात. विकायची तर हीच वेळ, म्हणून सौ. आणि मी हिशेब मांडला. डिकी, पेट्रोल, विमा, सगळे रकाने कोम्बीच्या बाजूने झुकले. मी वही मिटली. सौ. म्हणाली, "आणि आईंनी ऐन वेळी येते म्हटलं तर?"

गाडी ठेवली आहे.

तुमच्या गाडीचे अनुभव, उलट असतील तर विशेष, संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवा. सीटची उंची टेपने मोजून लिहिलीत तर उत्तम. आणि त्या तंबी देणाऱ्या भगिनींना एवढंच सांगतो, की जपून लिहिलं आहे. आता निर्णय तुमच्या 'ह्यां'च्या गुडघ्यांना विचारून घ्या.